झपाटलेलं घर नंतर, एकटा माणूस आधी

झपाटलेल्या घराची कथा लिहायला बसलेला लेखक बहुतेक वेळा घरापासून सुरुवात करतो. ओस पडलेली इमारत, कुलूप घातलेली खोली, करकरणारा जिना हे सगळं मांडून झालं की त्यात एक भाडेकरू आणून सोडतो आणि त्याला घाबरवायला लागतो. कथा वाचून होते आणि विसरली जाते, कारण त्या भाडेकरूच्या जागी दुसरा कोणीही ठेवला असता तरी काही बिघडलं नसतं.

मनात रुतून बसणाऱ्या कथांमध्ये घर माणसाला आधी ओळखतं आणि मग घाबरवतं. शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ या कादंबरीत (१९५९) भिंतीवर खडूने लिहिलेली एक ओळ सापडते. तीत एलेनॉरचं नाव आहे आणि तिला घरी ये म्हटलं आहे. आजारी आईची शुश्रूषा करण्यात अकरा वर्षं घालवलेल्या, स्वतःचं म्हणावं असं घर नसलेल्या बाईला ही ओळ दिसते. धमकी आणि आमंत्रण यांतलं अंतर तिथे पुसलं जातं. घरात त्या वेळी आणखी माणसं आहेत, पण नाव मात्र तिचंच येतं.

पुढची रीत सुमारे ६,००० शब्दांच्या कथेसाठी आहे. लांबी याहून बरीच कमी असेल तर पुढे सांगितलेल्या पाच घटनांच्या तीन करा. कादंबरीला मात्र हा आराखडा तसाच ताणून लावू नका, मधला भाग पोकळ होतो.

उणीव नेमकी ठरवा

‘ती फार एकटी होती’ हे वाक्य वाचकाला काहीच देत नाही. एकटेपणा मोजता येईल असा हवा. कागदावर तीन उत्तरं लिहून काढा. हा माणूस आज नाहीसा झाला तर किती दिवसांनी कोणी चौकशी करेल? त्याचं नाव मोठ्याने शेवटचं कोणी घेतलं, आणि कधी? दोघांनी मिळून करायची अशी कोणती गोष्ट तो अजून एकट्याने करतो आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिवसांच्या आकड्यातच हवं. तो आकडा कथेत उच्चारायचा नाही, पण प्रत्येक प्रसंग त्याच्या धाकात लिहायचा. उत्तर ‘त्याच संध्याकाळी’ असं येत असेल, तर तुमचं पात्र अजून या कथेला तयार नाही.

उदाहरणादाखल एक पात्र धरू. सुनंदा मुद्रितशोधक आहे, घरूनच काम करते. कामाची सगळी बोलणी लेखी. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं आहे. ती नाहीशी झाली तर नवव्या दिवशी, काम वेळेत आलं नाही म्हणून, कोणीतरी निरोप पाठवेल. तिचं नाव बरेच दिवस कोणाच्या तोंडून आलेलं नाही. उणीव आता एका वाक्यात मावते: तिला कोणीतरी हाक मारायला हवी आहे. घर तेवढंच करेल.

उणीव इतकी साधी असली तरच चालते. ‘तिला जगण्याचा अर्थ हवा होता’ अशी भव्य उणीव कोणतंच घर पुरवू शकत नाही, आणि मग लेखक सावल्या आणि किंकाळ्यांकडे वळतो.

पेशाही उणिवेला लागून निवडा. मुद्रितशोधकाचा डोळा एकेका अक्षराची चूक टिपतो. अशा बाईला हाक मारताना घराने नावात छोटी चूक केली आणि तिने ती दुरुस्त केली नाही, तर वाचकाला काहीही समजावून सांगावं लागत नाही.

घराचा नकाशा चौकटीच्या कागदावर

एक चौकट म्हणजे एक फूट असं धरून घर काढा. ६,००० शब्दांत पाचापेक्षा जास्त खोल्या वाचकाच्या डोक्यात राहत नाहीत. जिना, मोरी किंवा माळा हीसुद्धा एकेक खोलीच समजा. दारं कुठल्या बाजूला उघडतात, दिव्यांची बटणं कुठे आहेत, सकाळचं ऊन कुठल्या जमिनीवर पडतं हे नकाशावर लिहा. सगळ्यात उपयोगाची खूण दृष्टीच्या रेषांची: ओट्याशी उभं राहिल्यावर कुठली खोली दिसते, अंथरुणावरून कुठलं दार दिसतं, आणि घरातली कुठली जागा कुठूनच दिसत नाही. त्या शेवटच्या जागेत कधीही काही घडवू नका. वाचक तिथेच बघत राहील, तुम्ही भर उजेडातल्या ओट्यावर काम उरका.

मग घराचे स्वतःचे आवाज कारणांसकट लिहून काढा. रात्री हवा थंड झाली की लाकूड आकसतं आणि वासे तडतडतात. गरम पाणी वाहून गेल्यावर नळी निवताना टिकटिकते. चावी झटकन बंद केली की वाहतं पाणी एकदम थांबून नळीत धक्का बसतो आणि भिंतीत हातोडा मारल्यासारखा आवाज होतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना आणि थांबताना वेगवेगळा आवाज करतो. यांतला एकच आवाज निवडा. पहिल्यांदा तो कारणासकट दाखवा. दुसऱ्यांदा नुसता उल्लेख करा. तिसऱ्यांदा तोच आवाज येऊ द्या, पण त्याआधीच्या परिच्छेदात फ्रिज साफ करायला म्हणून तिने प्लग काढलेला असू द्या. त्या दोन गोष्टी जोडून दाखवायच्या नाहीत. जोडल्यात तर ती युक्ती होते, न जोडल्यात तर वाचक पान उलटून मागे जातो.

नव्या घरातली पहिली रात्र रिकामी सोडा. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल गाढ झोपेतही जास्त सावध राहतो, असं ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. शास्त्र माहीत नसलं तरी पहिल्या रात्रीच्या भीतीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पहिली घटना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या. तोवर सुनंदाला न बघता बटण सापडायला लागलेलं असतं.

देण्याघेण्याची वही

घर प्रत्येक वेळी काहीतरी देतं आणि काहीतरी घेतं. कागदावर दोन रकाने पाडा आणि पाच घटना भरा. देणं नेहमी उणिवेशी जोडलेलं हवं, आणि घेणं ओळखीशी. पहिल्या घटनेत घ्यायचं काहीच नाही. फुकट मिळालं तरच माणूस दुसऱ्यांदा हात पुढे करतो.

सुनंदाची वही अशी होईल. पहिल्या वेळी शेजारच्या खोलीतून तिला हाक येते, रोजच्या कोरड्या स्वरात, जेवायला बोलवावं तशी. ती ‘आले’ म्हणते आणि जाते. खोली रिकामी असते. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागते. दुसऱ्या वेळी हाक ‘सुनीता’ अशी येते. तिच्या लक्षात येतं, पण उत्तर दिलं नाही तर हाक बंद होईल ही भीती मोठी असते. ती ‘ओ’ देते. घेणं सुरू झालं. तिसऱ्या वेळी ती कामात असताना कोणीतरी तिच्या कपात साखर घालून ठेवलेली असते. ती बिनसाखरेचा चहा पिणारी, तरी पिऊन टाकते. चौथ्या वेळी तिची सही वळण बदलते. पाचव्या वेळी दुसऱ्या खोलीत ‘सुनीता’ अशी हाक कोणीतरी मारतं, आणि तो आवाज तिचाच असतो.

घटना कोणत्या क्रमाने चढत गेल्या ते पाहा. आवाज वाढला नाही, वस्तू आपटल्या नाहीत. फक्त अंतर कमी होत गेलं: शेजारची खोली, कान, हातातला कप, हात, घसा. नवखे लेखक चढ म्हणजे गोंगाट समजतात. भिंतीला तडे, मग वादळ, मग आग. आग लागली की माणूस बाहेर पळतो आणि कथा संपते. इथे त्याने आत राहायला हवं, तेही स्वतःच्या इच्छेने.

याच वहीत ‘ती घर का सोडत नाही?’ या जुन्या प्रश्नाचंही उत्तर आहे. पैसे नाहीत, पाऊस आहे, गाडी बंद पडली, ही सगळी कारणं वाचक एका ओळीत खोडून काढतो. बाहेर कोणी हाक मारत नाही, हे कारण खोडता येत नाही. त्यासाठी कथेच्या मध्यावर तिला एकदा घराबाहेर काढा. अख्खा दिवस बाहेर, लोकांमध्ये. कोणी तिच्याशी वाईट वागू नये. फक्त कोणाला तिची नोंद घ्यायचं कारण पडू नये. ती संध्याकाळी आपणहून परत येते आणि जिन्यावरचा दिवा लागलेला असतो. कथेतला सगळ्यात भयंकर प्रसंग हाच, आणि त्यात अद्भुत जवळजवळ काहीच नाही.

शब्दसंख्येनुसार पहिली घटना साधारण १,००० शब्दांवर घ्या. पुढच्या २,५००, ३,७००, ४,६०० आणि ५,२०० वर. मधली अंतरं १,५०० वरून ६०० पर्यंत उतरतात. उरलेले ८०० शब्द शेवटासाठी.

ओळखीचे खुंटे रोवून मगच उपटायचे

माणूस बदलतो आहे हे कळायला तो आधी कसा होता ते पानावर दिसलेलं असावं लागतं. नाव, सही, खाण्यापिण्याची एक सवय, बालपणीची एक आठवण, शरीरावरची एक खूण असे खुंटे असतात. ६,००० शब्दांत तीन पुरे. प्रत्येक खुंटा मोडण्याआधी दोनदा दिसला पाहिजे, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कुठल्या कामाच्या ओघात.

आठवणीचा खुंटा सगळ्यात जोरकस असतो, आणि तोच सगळ्यात जास्त वाया जातो. बहुतेक लेखक शेवटी सांगतात की तिला काही आठवेनासं झालं. विसरणं सौम्य आहे. त्याऐवजी आठवण जागच्या जागी फिरवा. सुरुवातीला सुनंदाने सांगितलेलं असतं की झोक्यावरून पडून धाकट्या भावाचा पुढचा दात तुटला आणि ती बघत उभी राहिली. चार हजार शब्दांनंतर ती झोक्यावरून पडल्याचं सांगते, आणि बोलताना तिची जीभ दाताच्या तुटक्या कडेवर फिरते. एवढंच लिहून पुढच्या कामाला लागा.

खुंटे बाहेरून आत या क्रमाने उपटा. वस्तू आणि सवयी आधी, सही नंतर, आठवण त्यानंतर, आणि ‘मी’ सर्वांत शेवटी.

दुसरं स्पष्टीकरण जिवंत ठेवा

साहित्य-समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुत साहित्याची व्याख्याच वाचकाच्या दोलायमानतेवर उभी केली: हे खरोखर घडतं आहे की याला नैसर्गिक कारण आहे, याचा निकाल लागत नाही तोवरच अद्भुत टिकतं. म्हणून प्रत्येक घटनेशेजारी एक खरंखुरं, जगात सापडणारं कारण ठेवायचं.

अशी कारणं भरपूर आहेत. डेवी रीस या डॉक्टरने वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये नोंदवलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवतं, काहींना तो दिसतो किंवा ऐकू येतो. सुनंदाच्या पहिल्या हाकेला हे पुरेसं आहे, आणि दुसऱ्या हाकेला पुरत नाही, कारण नवरा तिचं नाव चुकणार नाही. कारण असं अर्धं उरलं पाहिजे. आरशाचा प्रसंग घ्यायचा असेल तर मानसशास्त्रज्ञ जोव्हानी कापुतोचा २०१० मधला प्रयोग पाहा: मागे मंद दिवा, समोर आरसा, दहा मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहणं. ५० जणांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना आपला चेहरा भलताच विकृत झालेला दिसला, काहींना तिथे अनोळखी माणूस दिसला. आरशात पाठीमागे उभी राहिलेली आकृती दाखवण्याचे दिवस सरले. तिला फक्त जास्त वेळ पाहू द्या. विक टँडी या अभियंत्याने १९९८ मध्ये एका प्रयोगशाळेतल्या करड्या आकृतीचं मूळ पंख्याच्या सुमारे १९ हर्ट्झच्या, कानाला न कळणाऱ्या कंपनात शोधलं, तेही हाताशी असू द्या.

कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या कारणापासून मात्र सावध राहा. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात अशा कुटुंबाची हकीकत छापून आली, ज्यांना पावलं ऐकू येत आणि माणसं दिसत, आणि दोष घर गरम ठेवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीच्या धुरात निघाला. कारण खरं आहे, पण ते शेवटी उघड केलंत तर हाती फक्त अपघाताचा पंचनामा राहतो. ‘ती मनोरुग्ण होती’ हा शेवट त्याहून वाईट. तो आळशी आहे आणि आजारी माणसांवर अन्याय करणाराही.

मराठी वाक्याकडून काम करून घ्या

इथे मराठी लेखकाच्या हातात भरपूर आहे आणि ते फारसं वापरलं जात नाही.

‘दार उघडलं’ या वाक्यात दार आपोआप उघडलं की कोणी उघडलं, हे कळत नाही. ‘बादली भरली’, ‘काठी मोडली’, ‘जागा बदलली’ यांचंही तसंच. ‘दिवा लागला’ आणि ‘दिवा लावला’ मात्र वेगळे, तसेच ‘पडलं’ आणि ‘पाडलं’. पहिल्या गटातली क्रियापदं कर्त्याशिवाय पेरत जा. वाचक प्रत्येक वेळी गृहीत धरतो की हे सुनंदानेच केलं. चौथ्या घटनेच्या सुमाराला एकदाच ‘दिवा लावला’ असं लिहा, ज्या वाक्यात ती जिन्याच्या खाली उभी आहे आणि दिव्याचं बटण वर आहे.

प्रथमपुरुषी निवेदन असेल तर क्रियापद लिंग उघड करतं: ‘मी थांबले’, ‘मी जाते’. पण ‘मी चहा केला’, ‘मी दार लावलं’, ‘मी जाईन’ यांत ते लपतं. घरात आधी राहून गेलेला माणूस पुरुष होता असं ठरवलंत, तर शेवटच्या भागात निवेदन हळूहळू लिंग लपवणाऱ्या क्रियापदांवर आणा, आणि मग एखाद्या लांब वाक्याच्या मध्यभागी एकच ‘थांबलो’ येऊ द्या. एकदाच. दुसऱ्यांदा आलं तर गंमत होते. पात्राच्या बोलीत बाईही ‘गेलो’ म्हणत असेल तर ही युक्ती चालणार नाही. आणि संपादकाला आधी चिठ्ठी लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी कर्तव्यदक्ष माणूस तो ‘थांबलो’ दुरुस्त करून टाकेल.

सर्वांत धारदार हत्यार ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जेवलो’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण जेवलो’ म्हणताना तो आत येतो. एकटी निवेदिका मध्यावर कुठेतरी ‘आम्ही’ म्हणू लागली की वाचक दचकतो, पण सुरक्षित असतो. शेवटच्या पानावर ती वाचकाला ‘आपण’ म्हणाली की तोही त्या घरात असतो.

भयाण, किर्र, गूढ, अघटित, अंगावर काटा, रक्त गोठणं हे सगळं खोडा. ‘अचानक’ एकदाही नको. ‘वाटलं’ आणि ‘भासलं’ कमी करा. ‘कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं’ याऐवजी ‘कोणीतरी खोकलं’. संशय वाचकाच्या मनात हवा, वाक्यात नको. टिंबं टिंबं तर पूर्ण बंद, त्यांनी मराठी भयकथेचं जितकं नुकसान केलं तितकं भुतांनी केलं नसेल. घटनेचं वाक्य भांडी घासण्याच्या वाक्याइतकंच लांब ठेवा आणि परिच्छेदाच्या मधोमध ठेवा. परिच्छेदाच्या शेवटी ठेवलेली भीती ढोल वाजवत येते.

घराचा इतिहास, आणि शेवट

खून, आत्महत्या, शाप असं एकदा पूर्ण सांगितलं की भूत सरकारी दप्तरातलं प्रकरण होतं. घराच्या भूतकाळाला सगळ्या कथेत मिळून २०० शब्दांपेक्षा जास्त देऊ नका, आणि त्यात एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी असू द्या. एक शेजारी म्हणतो आधी इथे एक म्हातारा राहायचा, भाडेकरारावर नाव मात्र सुनीता. सगळं समजावून सांगणारा जाणकार पाहुणा आणूच नका. स्वप्न एकही नको.

शेवट बाहेरच्या माणसाच्या नजरेतून घेतलेला बरा. दारात पार्सलवाला उभा राहतो आणि खरं नाव घेतो: ‘सुनंदा आपणच का?’ जिच्या कानांना ही एक हाक हवी होती, ती ओळख न पटल्यासारखी पाहते आणि नम्रपणे सांगते की त्या इथे राहत नाहीत. त्याच्या हातातल्या कागदावरची एक चुकलेली वेलांटी मात्र तिच्या लक्षात येते. तिला दुःखी करू नका. कामाचा चौकशीचा निरोप याआधीच येऊन पडलेला असेल आणि वाचकाने दिवस मोजले, तर ते नऊ भरावेत.

मसुदा तपासताना

प्रथम मसुद्याची प्रत काढा आणि तिच्यातून सर्व अद्भुत घटना खोडा. उरलेल्या पानांत एका एकट्या बाईची कथा दिसली पाहिजे, भले ती साधी असो. दिसत नसेल तर पहिल्या पायरीवर परत जा, वाक्यं घासून काही होणार नाही. मग उलट करा: एकटेपणाचे प्रसंग खोडा आणि घटना ठेवा. त्या तरीही तितक्याच भीतिदायक वाटल्या तर त्या कोणाच्याही घरात घडू शकतात, म्हणजे वहीतलं देणं चुकलं आहे.

त्यानंतर दोन वाचकांना कथा द्या आणि दोन प्रश्न विचारा. घरात काय आहे, यावर त्यांची उत्तरं वेगळी यावीत. तिला काय हवं होतं, यावर सारखी यावीत. पहिलं उत्तर दोघांचं सारखं आलं तर इतिहासातले शंभरेक शब्द कापा आणि एका घटनेचं नैसर्गिक कारण थोडं बळकट करा. दुसरं वेगळं आलं तर पहिल्या १,००० शब्दांत उणीव दोनदा तरी कृतीतून दिसते का ते पाहा. बहुतेक वेळा ती एकदाच दिसलेली असते, तीही निवेदनात.